रस्त्यावरचं मूल, कामावरचं मूल: १०९८ ला फोन केल्यानंतर काय घडतं

हॉटेलात टेबल पुसणारा बारा वर्षांचा मुलगा दिसला तर फोन कुठे करायचा, हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे: १०९८, मुलांसाठीची मदतवाहिनी. फोन केल्यावर त्या मुलाचं पुढे काय होतं, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. सुटका एका दुपारीत होते. ते मूल सहा महिन्यांनी पुन्हा दुसऱ्या टपरीवर दिसणार की शाळेच्या पटावर, हे त्या दुपारी कोणते कागद झाले आणि पुढचं वर्षभर कोण त्याच्या घरी जात राहिलं, यावर ठरतं. म्हणून या लेखात सुटकेपेक्षा सुटकेनंतरची वाट जास्त सांगितली आहे. ही वाट भारतातल्या कायद्यांची आहे आणि जिथे गरज पडली तिथे महाराष्ट्रातल्या पद्धतीची.

दोन कायदे, दोन वयं

पहिला घोळ वयाचा होतो. बालकामगार कायदा १९८६ चा. २०१६ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. त्यानुसार १४ वर्षांखालच्या मुलाला कोणत्याही धंद्यात कामाला ठेवता येत नाही. आधी फक्त ठरावीक धोकादायक कामांवर बंदी होती, आता सगळ्यांवर आहे. १४ ते १८ या वयातल्या मुलांना कायदा किशोर म्हणतो. त्यांना खाणीत, ज्वालाग्राही पदार्थ किंवा स्फोटकांच्या कामात आणि धोकादायक ठरवलेल्या प्रक्रियांत ठेवता येत नाही. बाकीच्या कामांत ठेवता येतं, पण अटी कडक आहेत: मधली सुट्टी आणि ताटकळण्याचा वेळ धरून दिवसाला सहा तास, सलग तीन तासांनंतर किमान एक तास विश्रांती, संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत काम नाही, जादा वेळ नाही, आठवड्याला एक सुट्टी. रात्री साडेदहाला चहाचे ग्लास विसळणारा सोळा वर्षांचा मुलगा म्हणजे, हॉटेलकाम धोकादायक यादीत असो वा नसो, नियमभंगच.

दुसरा कायदा बाल न्याय कायदा, २०१५ चा. इथे १८ वर्षांखालचं प्रत्येक जण बालक आहे. ज्याला घर नाही, जे रस्त्यावर राहतं, भीक मागताना सापडतं किंवा कामगार कायदे मोडून कामाला ठेवलेलं आहे, ते 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक' ठरतं. त्याच्याबद्दलचे निर्णय पोलीस किंवा कामगार अधिकारी घेत नाहीत, ते बाल कल्याण समिती घेते.

हे दोन्ही कायदे एकत्र वाचले नाहीत की मुलं मधल्या फटीतून निसटतात. पंधरा वर्षांचा मुलगा पिशव्या शिवण्याच्या गाळ्यात सापडला आणि काम धोकादायक यादीत बसत नसलं, की 'हा बालकामगार नाही' असा शेरा मारून विषय संपवला जातो. पण त्याला डांबून ठेवलं असेल, मजुरी दिली नसेल किंवा ती दुसराच कुणी वापरत असेल, तर बाल न्याय कायद्याचं कलम ७९ लागतं: पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड. या कलमाला चौदाची मर्यादा नाही.

मग येतं मालकाचं ते हमखास उत्तर: 'पुतण्या आहे माझा.' २०१६ च्या दुरुस्तीने घरच्या उद्योगात मदत करायला मुभा ठेवली आणि कुटुंबाच्या व्याख्येत आई, वडील, भावंडं यांच्यासोबत काका, आत्या, मामा, मावशी यांनाही बसवलं. आमच्या मते ही त्या दुरुस्तीतली सगळ्यात दुबळी जागा आहे, कारण नातं सांगायला काही लागत नाही. तरी पळवाट वाटते तितकी मोठी नाही. मदत शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीतच हवी, काम धोक्याचं नको, नियमांनुसार दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त नको, संध्याकाळी सात ते सकाळी आठ नको आणि मोठ्या माणसाच्या जागी मूल राबवायचं नाही. त्यामुळे 'तुमचा कोण लागतो?' यापेक्षा 'कोणत्या शाळेत, कितवीला आहे? आज शाळेत का नाही गेला? रात्री कुठे झोपतो?' हे प्रश्न जास्त उपयोगाचे. परराज्यातून आणलेलं, कारखान्यातच झोपणारं आणि कोणत्याही पटावर नाव नसलेलं मूल या सवलतीत बसत नाही, मग ते सख्ख्या काकाकडे का असेना.

रस्त्यावरची सगळी मुलं एकसारखी नसतात

राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाची रस्त्यावरच्या मुलांसाठीची कार्यपद्धती तीन गट करते: एकटं, कुणाच्याही आधाराशिवाय राहणारं मूल, कुटुंबासह रस्त्यावरच राहणारं मूल, आणि दिवसभर रस्त्यावर असून रात्री जवळच्या वस्तीत घरी जाणारं मूल. तिघांची मदत वेगळी, आणि ती एकाच मापाने केली तर नुकसान होतं.

एकटं मूल बहुतेक वेळा रेल्वे स्थानकावर सापडतं, आणि तिथे तासांचा हिशोब असतो. घर सोडून नुकतंच उतरलेलं मूल भेदरलेलं असतं, बोलतं, घरचा पत्ता सांगतं. पहिल्याच दिवशी कुणी योग्य माणूस भेटला तर घरी परतण्याची शक्यता सगळ्यात जास्त. काही आठवडे काढले की त्याला टोळी मिळते, बाटल्या वेचून पैसे मिळतात, पंक्चरचं सोल्यूशन किंवा व्हाइटनर हुंगायची सवय लागते, आणि मग पत्ता विचारला तर ते खोटा सांगतं. म्हणून मोठ्या स्थानकांवर बाल मदत कक्ष असतात आणि रेल्वे सुरक्षा दलाचे जवान फलाटांवर अशी मुलं हेरतात. गाडीत किंवा फलाटावर एकटं मूल दिसलं तर १३९ वरही कळवता येतं.

कुटुंबासह पदपथावर राहणाऱ्या मुलाची गोष्ट निराळी. त्याला आईच्या कुशीतून उचलून बालगृहात नेणं म्हणजे संरक्षण नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी स्पष्ट म्हटलं आहे की केवळ गरिबी हे मूल कुटुंबापासून तोडण्याचं कारण होऊ शकत नाही, आणि आपल्या बाल न्याय कायद्यातही संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय आहे. तिथे लागतं ते रेशन कार्ड, अंगणवाडी, जवळच्या शाळेत नाव आणि रात्री निवारा. तिसऱ्या गटातल्या मुलाचा प्रश्न बहुतेक वेळा शाळेच्या वेळेचा आणि घरातल्या कमाईचा असतो.

पैसे द्यायचे की नाही, हा प्रश्न सगळे विचारतात. रोख देऊ नये, असं आमचं ठाम मत आहे. सिग्नलवरच्या मुलाची दिवसाची कमाई जितकी जास्त, तितकी त्याला शाळेत पाठवण्याची किंमत घरच्यांना मोठी वाटते. आणि मागे कुणी मुकादम असेल तर ती रक्कम मुलाकडे राहतच नाही. मुलाला भीक मागायला लावणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७६ खाली गुन्हा आहे, शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख दंड. त्यासाठी मूल पळवलं असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १३९ नुसार किमान दहा वर्षं सक्तमजुरी. पण पैसे नाकारणं म्हणजे मुलाला झिडकारणं नव्हे. नाव विचारा, डोळ्यांत बघून बोला. रोज त्याच सिग्नलवर भेट होत असेल तर महिनाभरात ते मूल तुम्हाला जे सांगेल, ते कुठल्याही सर्वेक्षणात सापडणार नाही.

फोन करताना

१०९८ ही सेवा १९९६ मध्ये मुंबईत, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा प्रकल्प म्हणून सुरू झाली. २०२३ पासून ती केंद्राच्या मिशन वात्सल्य या बाल संरक्षण योजनेखाली सरकारी यंत्रणा चालवते आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडलेली आहे. फोन मोफत, चोवीस तास. मुलाला त्या क्षणी मारहाण होत असेल, जबरदस्तीने नेलं जात असेल, तर थेट ११२.

फोनवर सांगायच्या गोष्टी थोड्याच आहेत, पण नेमक्या हव्यात. जागा अशी सांगा की परका माणूस न विचारता पोहोचेल: रस्ता, इमारत, कितवा मजला, जवळची ओळखीची खूण. मुलं किती, अंदाजे वय, मुलगा की मुलगी, काय काम, कोणत्या वेळी असतात. 'स्टेशनजवळच्या हॉटेलात' एवढंच सांगितलेल्या तक्रारीवर पथक तासभर फिरून रिकाम्या हाती परततं आणि तोवर मालकाला कुणकुण लागते. शेवटी तक्रारीचा नोंद क्रमांक मागून लिहून ठेवा, पुढे सगळं त्यावरच चालतं.

काय करू नये, हेही तितकंच महत्त्वाचं. मालकाशी हुज्जत घालू नका. अर्ध्या तासात मुलं मागच्या दाराने दुसऱ्या गाळ्यात जातात आणि संध्याकाळी मार बसतो तो मुलांना. मुलाचा फोटो, व्हिडिओ समाजमाध्यमांवर टाकू नका. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं: सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हेतू कितीही चांगला असला तरी हे कलम लागतं. आणि एकटं सापडलेलं मूल 'दोन दिवस आमच्याकडे राहू दे, मग बघू' म्हणून घरी ठेवू नका. पालकांपासून तुटलेलं मूल सापडल्यावर २४ तासांत कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा सहा महिने कैद किंवा दहा हजार दंडाचा गुन्हा आहे.

कारखाना, जरीचा गाळा, वीटभट्टी अशा जागांसाठी फोनसोबत लेखी तक्रार करा. केंद्रीय कामगार मंत्रालयाच्या 'पेन्सिल' पोर्टलवर केलेली तक्रार त्या जिल्ह्यात बालकामगार प्रकरणांसाठी नेमलेल्या (नोडल) अधिकाऱ्याकडे जाते. सहायक कामगार आयुक्त किंवा सरकारी कामगार अधिकारी यांच्या कार्यालयात अर्ज देऊन पोच घेता येते. काहीच हललं नाही तर जिल्हा बाल संरक्षण कक्ष, आणि तिथेही नाही तर बाल कल्याण समितीला साधं पत्र. समिती स्वतःहूनही दखल घेऊ शकते. शिक्षकांसाठी आणखी एक गोष्ट: विद्यार्थी न कळवता सलग ३० दिवस गैरहजर राहिला तर मुख्याध्यापकांनी नोडल अधिकाऱ्याला कळवावं, असं बालकामगार नियमांत आहे. हा नियम पाळला तर कितीतरी मुलं कामावर रुळण्याआधीच सापडतील.

सुटकेची दुपार

पथकात कामगार अधिकारी, पोलीस, जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा माणूस आणि शक्य तर संस्थेचा कार्यकर्ता असतो. प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो आणि जिल्ह्यात विशेष बाल पोलीस पथक. मुली असतील तर महिला पोलीस हवी. वर्दी शक्यतो नको, कारण 'पोलीस आले तर तुलाच आत टाकतील' हे मालकाने महिनोन्महिने मुलाच्या मनावर बिंबवलेलं असतं.

गाड्या दोन हव्यात. मालक आणि मूल एकाच गाडीतून गेले तर पोलीस ठाण्यात पोहोचेपर्यंत मुलाचा जबाब बदललेला असतो. पाणी आणि खायला काहीतरी सोबत हवं. कागद होईपर्यंत रात्र होते आणि उपाशी मूल रडतं तरी किंवा गप्प तरी बसतं. मुलाचे कपडे, चप्पल, मोबाइल, साठवलेले पैसे, घरच्यांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी त्याच वेळी उचलायला हवी. 'नंतर आणू' म्हटलेली वस्तू परत मिळत नाही, आणि त्या चिठ्ठीवाचून घर शोधायला दोन महिने लागतात. पंचनाम्यात हजेरीची वही, उचलीची (आगाऊ दिलेल्या पैशांची) वही, कामाची हत्यारं, झोपायची जागा, दाराला बाहेरून कडी असेल तर तीही नोंदवली पाहिजे.

त्यानंतर येतो गुन्हा कोणत्या कलमांखाली नोंदवायचा, हा प्रश्न. सगळी मेहनत इथे वाया जाऊ शकते. फक्त बालकामगार कायदा लावला तर पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा २० ते ५० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. 'किंवा' असल्यामुळे दंड भरून सुटायची वाट उघडी राहते. म्हणून मुलाशी शांतपणे, एकट्याने बोलून चार गोष्टी विचाराव्या लागतात. तुला इथे कुणी आणलं? घरच्यांना आगाऊ पैसे दिले होते का? हातात पैसे किती मिळतात? जायचं म्हटलं तर जाऊ देतात का? या उत्तरांवर बाल न्याय कायद्याचं कलम ७९, मानवी वाहतुकीसाठी न्याय संहितेचं कलम १४३ आणि १९७६ चा वेठबिगार प्रथा निर्मूलन कायदा लागू होतो की नाही ते ठरतं.

वेठबिगारीचा मुद्दा जरा सविस्तर सांगायला हवा, कारण तो सर्वांत जास्त निसटतो. घरच्यांनी घेतलेल्या उचलीपोटी मूल राबत असेल आणि त्याला निघून जाता येत नसेल, तर ते वेठबिगार आहे. साखळदंड लागत नाहीत. २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यात इगतपुरीकडच्या कातकरी कुटुंबांतली मुलं थोड्या पैशांच्या बदल्यात मेंढ्या राखायला पाठवली जात असल्याचं उघड झालं, ती नेमकी हीच प्रथा. अशा मुलाची चौकशी प्रांताधिकारी किंवा जिल्हाधिकारी करतात आणि मुक्ती प्रमाणपत्र देतात. त्या कागदावर केंद्राच्या पुनर्वसन योजनेतून तातडीची मदत ३० हजार रुपयांपर्यंत मिळते, मुलांसाठी एकूण मदत दोन लाखांची आहे. तातडीची रक्कम खटल्याच्या निकालावर अडत नाही, उरलेली अडते. नेहमीची चूक अशी की प्रांतांनी जबाब घेण्याआधीच मुलाला गावी पाठवलं जातं. मग प्रमाणपत्र लटकतं, आणि त्यासोबत मदतही. म्हणून प्रांतांकडे अर्ज त्याच दिवशी गेला पाहिजे.

समितीपुढे

मुलाला २४ तासांत, प्रवासाचा वेळ वगळून, बाल कल्याण समितीपुढे आणावं लागतं. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांत किमान एक महिला. महिन्याला किमान २० दिवस बैठक, अधिकार प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याच्या तोडीचे. बैठक नसेल त्या दिवशी एका सदस्यापुढेही मूल नेता येतं. पोलीसच नव्हे, सामाजिक कार्यकर्ता, सजग नागरिक, इतकंच काय, मूल स्वतःसुद्धा समितीपुढे जाऊ शकतं.

पहिल्या दिवशी वैद्यकीय तपासणी, राहण्याची सोय आणि वय. वयाचा क्रम कायद्याने ठरवून दिला आहे: शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची चाचणी. ही चाचणी वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे होते. साडेतेरा वर्षांचं मूल त्यात पंधराचं ठरलं की मालकाचा खटला हलका झाला. मुलाने कधीकाळी दोन वर्षं शाळा पाहिली असेल तर त्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मिळवायला दोन दिवस घालवणं केव्हाही परवडतं.

मग सामाजिक चौकशी अहवाल. तो १५ दिवसांत यावा आणि समितीचा अंतिम आदेश चार महिन्यांत व्हावा, असं कायदा सांगतो. या अहवालावर मुलाचं भवितव्य ठरतं, आणि दुर्दैवाने बऱ्याच फायलींत नाव बदलून तीच वाक्यं असतात: 'आर्थिक परिस्थिती हलाखीची, पालक मुलास सांभाळण्यास तयार.' कामाचा अहवाल वेगळा असतो. घरात कमावणारे किती, कर्ज कुणाचं आणि किती, दारू आहे का, मूल पळालं होतं की पाठवलं होतं, धाकटी भावंडं काय करतात, गावात शाळा किती लांब, आणि मुलाला स्वतःला काय हवं आहे. सावत्र बापाच्या मारामुळे पळालेल्या मुलाला 'पालक तयार आहेत' एवढ्यावर घरी धाडलं तर ते पुढच्या गाडीने परत येतं, आणि या वेळी कुणालाच खरं सांगत नाही.

मूल दुसऱ्या राज्यातलं असेल तर प्रकरण त्याच्या जिल्ह्यातल्या समितीकडे वर्ग होतं. इथे फाइल पुढे जाते पण मूल अडकतं: सोबत जायला पोलीस मिळत नाहीत, आरक्षण मिळत नाही, पलीकडच्या जिल्ह्याला निरोपच गेलेला नसतो. गाडी सुटण्याआधी तिथल्या बाल संरक्षण कक्षाशी फोनवर बोलून, कोण घ्यायला येणार त्याचं नाव हातात असल्याशिवाय मूल पाठवू नये.

बालगृहातून मुलं पळतात, त्याबद्दल मुलांनाच दोष दिला जातो. रस्त्यावर राहिलेल्या मुलाकडे स्वतःची कमाई होती, मित्र होते, केव्हा उठायचं ते स्वतः ठरवत होतं. त्याला एकदम कुलपाआड आणलं, भावाला दुसऱ्या गृहात पाठवलं, खिशातले पैसे काढून घेतले, तर त्याच्या नजरेने ती कैदच. सोल्यूशनची सवय सुटताना पहिले काही आठवडे चिडचिड, निद्रानाश असतो; त्याच वेळी शिस्तीचा बडगा उगारला की मूल भिंत ओलांडतं. अशा मुलांसाठी कायद्यात खुल्या निवारागृहाची सोय आहे. तिथे ते येऊन अंघोळ करू शकतं, जेवू शकतं, झोपू शकतं, पैसे सांभाळायला देऊ शकतं, आणि माणसांवर विश्वास बसला की पुढचं ठरवू शकतं. अशी निवारागृहं आणखी असायला हवीत, असं आम्हाला मनापासून वाटतं.

पैसे, कागद आणि शाळा

घरी पाठवलेल्या मुलाच्या घरात त्याच्या कमाईची जागा रिकामी झालेली असते. ती भरण्यासाठी काय काय आहे, ते समितीने आदेशातच लिहायला हवं.

मिशन वात्सल्यची प्रायोजकत्व मदत, म्हणजे मूल घरीच वाढावं म्हणून मिळणारी रक्कम, दरमहा ४,००० रुपये आहे. त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२ हजार, शहरी भागात ९६ हजारांच्या आत असावं लागतं. महाराष्ट्रात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून दरमहा २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात. बालकामगार कायद्यात पुनर्वसन निधी आहे: मालकाकडून वसूल झालेला दंड त्यात जातो, सरकार प्रत्येक मुलामागे १५ हजार घालतं आणि व्याजासह ती रक्कम मुलाची असते. त्याआधी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता खटल्यात मालकाने प्रत्येक मुलामागे २० हजार भरावेत असा आदेश दिला होता, तिथून ही कल्पना आली. शिवाय थकलेली मजुरी. मूल बेकायदा कामाला होतं म्हणून त्याची मजुरी बुडत नाही. कामगार अधिकाऱ्याने किमान वेतनाच्या दराने ती काढून मागितली पाहिजे. हे कुणी आठवण केल्याशिवाय क्वचितच होतं.

हे सगळे पैसे बँकेतून येतात, म्हणून मुलाच्या नावाचं खातं आणि आधार आधी. जन्मनोंदच नसेल तर वर्षानंतरच्या उशिरा नोंदणीला २०२३ च्या दुरुस्तीपासून जिल्हाधिकारी, प्रांत किंवा अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. त्यात महिने जातात. तोवर शाळा थांबवायची गरज नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १४ सांगतं की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि कलम १५ नुसार वर्ष अर्धं सरलं असलं तरी दार बंद करता येत नाही. शाळेत 'दाखला आणा, मग बघू' असं ऐकवलं तर कलम १४ नम्रपणे, पण लेखी अर्जात दाखवा.

शाळेत नाव घालणं सोपं, टिकवणं अवघड. अकरा वर्षांचं मूल वयानुसार पाचवीत बसतं, ते बरोबरच आहे. लहानग्यांबरोबर पहिलीत बसवलं तर ते आठवड्यात लाजून जातं. पण त्याला वाचता येत नसतं. म्हणून कायद्यात तीन महिने ते दोन वर्षं विशेष प्रशिक्षणाची तरतूद आहे. ते झालं नाही तर मूल वर्गात मागे बसतं, दोन-तीन महिन्यांत शाळा सोडतं आणि यादीत मात्र 'प्रवेश दिला' अशी टिक राहते.

ऊसतोड कुटुंबांत ही गळती हंगामाच्या तालावर होते. दिवाळीच्या आसपास कोयता, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी, बाहेर पडतो, आईवडील उसाच्या फडात आणि मोठी मुलगी कोपीवर (तात्पुरत्या झोपडीत) धाकट्याला सांभाळत. तिला कुणी कामावर ठेवलेलं नसतं, म्हणून ती कुठल्याच धाडीत सापडत नाही. तिच्यासाठी दोन गोष्टी आहेत: गावातच आजी-आजोबांकडे राहून हंगामी वसतिगृहाचा आधार, किंवा सोबत जावंच लागलं तर मूळ शाळेचं शिक्षण हमी कार्ड. ते दाखवलं की जिथे जाईल तिथल्या शाळेने तिला बसवून घ्यायचं असतं. कार्ड गाव सोडण्याआधी हातात पडायला हवं, म्हणजे मुकादमाने उचल वाटली की शिक्षकांनी यादी करायला बसायचं.

चौदा ओलांडलेल्यांसाठी शिक्षण हक्क कायदा संपतो. तिथे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावी, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतला एखादा व्यवसाय, आणि सोबत वेळेच्या मर्यादेतलं सुरक्षित काम, असं जुळवावं लागतं. सोळा वर्षांच्या मुलाला 'काम सोड आणि फक्त शीक' म्हणणं बहुधा त्याला पटत नाही, आणि त्याच्या घराची ओढाताण पाहिली तर त्याचं चूक आहे असंही म्हणवत नाही.

तक्रार तुम्ही केली असेल तर नोंद क्रमांक घेऊन महिन्याने, तिसऱ्या महिन्यात आणि सहाव्या महिन्यात जिल्हा बाल संरक्षण कक्षाला विचारा. मुलाचं नाव, पत्ता ते सांगणार नाहीत, सांगूही नये. पण हे विचारता येतं: समितीचा आदेश झाला का? गुन्हा कोणत्या कलमांखाली आहे? मदतीचा पहिला हप्ता जमा झाला का? शेवटची गृहभेट कधी झाली? बाहेरून कुणीतरी विचारतंय एवढ्यानेही फाइल वर येते.

घरी जाताच येत नाही, अशी मुलं बालगृहातच वाढतात आणि अठराव्या वर्षी तिथून बाहेर पडतात. त्यांच्यासाठी बाल न्याय कायद्याच्या कलम ४६ खाली अनुरक्षण सेवा, म्हणजे संस्था सोडल्यानंतरचा आधार, आहे, २१ व्या वर्षापर्यंत, आणि मिशन वात्सल्यमधून दरमहा ४,००० रुपयांचा आधार. आधार कार्ड, बँकेचं पासबुक, शाळेचा दाखला आणि समितीच्या आदेशाची प्रत एका पिशवीत घालून द्यायची, राहायची जागा ठरवायची, आणि अनुरक्षणाचा अर्ज सतरावं लागलं की सुरू करायचा. अठराव्या वाढदिवसानंतर केलेल्या अर्जाचे पैसे यायला वेळ लागतो, आणि तेवढ्या दिवसांत ते मूल पुन्हा फलाटावर झोपायला जातं.